नाशिकची सात मुलं आठ आठवडे युगांडाच्या जंगलात शिकायला जाणार आहेत. निघण्याआधी काय तयारी करून घ्यावी?

प्रश्न: प्राणीशास्त्र_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते. आमच्या एमएस्सीच्या सात जणांना, चार मुली आणि तीन मुलगे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठ आठवडे पश्चिम युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात जायचंय. मकेरेरे विद्यापीठाचं कन्यावारा इथे फिल्ड स्टेशन आहे. तिथे राहायचं, माकडांच्या वागण्याच्या नोंदी घ्यायच्या आणि परत येऊन त्यावर प्रबंध लिहायचा. पहिले दहा दिवस मी सोबत आहे. पुढचे साडेसहा आठवडे मुलं तिथल्या लोकांच्या भरवशावर.

सातपैकी पाच जण पहिल्यांदाच विमानात बसतील. एक जण सुरगाण्याचा, एकीच्या घरी पिंपळगावजवळ द्राक्षबाग, बाकीची शहरातली. रविवारी पालकांची बैठक आहे. मी स्वतः आफ्रिकेत कधी गेलेली नाही, म्हणून गेले पंधरा दिवस मिळेल ते वाचतेय आणि यादी करतेय. टॉर्च, पॉवर बँक, ओआरएस, मोजे किती जोड, ओडोमॉस की दुसरं काही. तीन पानं झाली. यादी लांबते तशी धास्ती वाढतेय, कारण त्यातलं कशावाचून अडेल आणि कशावाचून नाही हेच कळत नाही.

तीन गोष्टी नेमक्या सांगाल का? एक, लशी आणि गोळ्या. मागच्या वेळी एका पालकांनी विचारलं, "मलेरिया आपल्याकडेही असतोच की, मग दोन महिने रोज गोळी कशाला?" मला पटण्यासारखं उत्तर देता आलं नाही. दोन, तिथे राहून आलेल्या माणसाच्या मते खरी तयारी कोणती? तीन, आईवडिलांना किती सांगावं?

---

उत्तर: डॉक्टर_गंगापूररोड

मॅडम, पहिल्या मुद्द्याचं मी सांगतो.

यलो फिव्हरची लस सगळ्यात आधी उरका. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच देतात. आधी नाव नोंदवावं लागतं आणि तारीख लगेच मिळेलच असं नाही. नाशिकची बरीच मंडळी त्यासाठी सकाळच्या पंचवटीने मुंबई गाठतात. लस घेतल्यावर पिवळं पुस्तक मिळतं. त्यावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच, खिडकीसमोर उभं राहून ताडून बघायला सांगा. ते प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात घेतलेली लस कागदावर निरुपयोगी. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

ते दोन्हीकडे लागतं. युगांडात शिरताना बघतात, आणि आपल्याकडे परतताना तर फार काटेकोरपणे बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कारण असं की हा रोग पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपला डेंग्यूचाच डास, भारतात घरोघरी आहे, पण रोग मात्र इथे नाही. एक बाधित माणूस आत आला तर काय होईल, त्याची ही काळजी आहे. पालकांना हे कारण सांगा, मग त्यांना हा नुसता सरकारी सोपस्कार वाटणार नाही.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गर्भारपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक. त्याच खेपेत टायफॉइड, हेपॅटायटिस ए आणि धनुर्वाताचं विचारून घ्या. माकडांजवळ काम आहे म्हणजे रेबीजची आगाऊ लसही. तिचे डोस एका दिवसात होत नाहीत, म्हणून सहा आठवडे आधी सुरुवात हवी. तुमच्या हातात वेळ आहे, दवडू नका.

आता त्या पालकांचं. मलेरियाविरुद्ध अंगात थोडीफार ताकद येते ती वारंवार मलेरिया होऊन. आणि त्या भागातून बाहेर पडलं की तीही ओसरते. नाशिकरोडला वाढलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला आयुष्यात एकदाही मलेरिया झालेला नसतो, तिच्यापाशी ती ताकद येणार कुठून? शिवाय तिथला मलेरिया बहुतांश फाल्सिपेरम या सगळ्यात घातक जातीच्या परजीवीचा. तो मेंदूपर्यंत जातो आणि जीव घ्यायला त्याला आठवडा लागत नाही.

गोळी कोणती ते प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे ठरवावं. पुष्कळदा डॉक्सिसायक्लिन देतात, १०० मिलिग्रॅम रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो, पाण्याचा घोटही उतरत नाही. तिच्यामुळे कातडी उन्हाने लवकर भाजते, म्हणून टोपी आणि लांब बाह्या. आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. इथेच सगळे चुकतात.

---

उत्तर: अराली_पंचवटी

डॉक्टरसाहेबांनी शेवटचं वाक्य ठळक केलं, तिथूनच सुरू करतो. तसा चुकलेला मी एक आहे.

मी पंचवटीतला. एमएस्सी झाल्यावर किबालेत एका संशोधन गटात फिल्ड असिस्टंट म्हणून चौदा महिने होतो. मॅडम, तुमची मुलं राहतील तो परिसर मी पायाखाली घातलाय. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये परत आलो. मुंबईला उतरलो, आईच्या हातचं जेवलो आणि डॉक्सीची उरलेली पाकिटं कपाटात टाकली. घरी आलो होतो, आता कशाला गोळ्या, एवढाच विचार.

बाराव्या दिवशी ताप आला, दिवाळीच्या तोंडावर. थंडी वाजून, दात एकमेकांवर आपटत. नाशिकमध्ये तेव्हा डेंग्यूची साथ म्हणून गल्लीत तीन जण तापाने पडलेले. दवाखान्यात सांगितलं, डेंग्यू दिसतोय, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या. डॉक्टरांनी प्रवासाचं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग काळपट चहासारखा दिसला आणि मी बायकोला काहीतरी असंबद्ध बोललो, जे मला आजही आठवत नाही. तिच्या डोक्यात आलं म्हणून तिने दुसऱ्या दवाखान्यात नेऊन पहिलंच वाक्य बोललं, "हे युगांडातून आलेत." अर्ध्या तासात रक्ताच्या थेंबावर फाल्सिपेरम निघाला. सहा दिवस दवाखान्यात काढले.

त्या चार आठवड्यांचं गणित मला नंतर समजलं. डास चावला की परजीवी आधी यकृतात जाऊन बसतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्तात उतरतो. डॉक्सी त्याला रक्तात मारते, यकृतात नाही. निघायच्या आदल्या रात्री चावलेला डास हा घरी आल्यावरचा धोका आहे. मुलांना हे फळ्यावर चित्र काढून समजवा. कारण कळलं की गोळी चुकत नाही, हे मी नंतर तिथे पाठवलेल्या मुलांत बघितलंय. आणि प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: "मी अमुक तारखेपर्यंत युगांडात होतो. ताप असेल तर आजच मलेरियाची रक्ततपासणी करा." परतल्यावर वर्षभर राहू दे ती चिठ्ठी. घरच्यांनाही तेच वाक्य पाठ करायला लावा, कारण ताप चढलेला माणूस स्वतःबद्दल नीट सांगू शकत नाही.

आता यादीचं. तीन पानांतलं निम्मं काढा आणि एक जाड स्वेटर घाला.

उष्ण कटिबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घामाच्या धारा येतात. नकाशात बघितलं तर नाशिकही उष्ण कटिबंधातच आहे, कर्कवृत्ताच्या खाली, २० अंशांवर. किबाले जवळजवळ विषुववृत्तावर, पण कन्यावारा समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंच. मे महिन्यात आपण ४० अंशांत भाजतो तसं तिथे कधीच होत नाही. दुपारी पंचवीसच्या आसपास, पहाटे पंधरा. त्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पावसाचा मोसम. पहाटे साडेपाचला ओल्या गवतातून निघालं की गुडघ्यापर्यंत गारठा चढतो. माझ्याबरोबरच्या एका मुलाने मुंबईच्या दुकानातून सगळे पातळ, 'ट्रॉपिकल' कपडे घेतले होते, त्याने पहिला महिना माझ्या ब्लँकेटवर काढला. निफाडची थंडी सोसलेल्या घरांत स्वेटर, कानटोपी असतंच, तेच द्या. गमबूट मात्र चांगले घ्या आणि इथेच महिनाभर वापरा. नवे गमबूट जंगलात पहिल्यांदा घातले की तिसऱ्या दिवशी टाचेला फोड, चौथ्या दिवशी मुलगी खोलीत बसून.

दुसरी वस्तू इस्त्री. तिथे असते, न्यायची नाही, पण तिचं कारण सांगून ठेवा.

तिथे एक माशी आहे, मँगो फ्लाय म्हणतात. ती ओलसर कपड्यावर अंडी घालते, दोरीवर वाळत घातलेल्या बनियनवर, टॉवेलवर, चादरीवर. तो कपडा अंगावर चढला की अंगाच्या उबेने अळी बाहेर येते आणि कातडीत शिरते. मला कमरेला, जिथे नाडी बसते बरोबर तिथे, गळू झालं. दिसायला साधं केसतोड्यासारखं, पण मधोमध सुईच्या टोकाएवढं काळं छिद्र, आणि रात्री झोपताना आत काहीतरी वळल्याची जाणीव. स्टेशनवर कपडे धुणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. मी त्यांना दाखवलं. त्यांनी न बोलता व्हॅसलिनची डबी आणली, त्या छिद्रावर जाड थर दिला आणि तासभर बसवून ठेवलं. अळीला श्वास घेता येईना, ती वर आली. मग दोन अंगठ्यांनी अलगद दाबून पूर्ण बाहेर काढली, तांदळाच्या दाण्याहून मोठी, पांढरी. नंतर त्या मला हाताला धरून कोळशाच्या इस्त्रीपाशी घेऊन गेल्या आणि माझा बनियन पालथा करून शिवणी-शिवणीवरून इस्त्री फिरवून दाखवली. आपल्याकडे कोपऱ्यावर टपरीत असते अगदी तशीच इस्त्री, झाकणाची, निखाऱ्यांची. अंडी उष्णतेने मरतात. त्या दिवसापासून मोज्यालाही इस्त्री केल्याशिवाय मी घातलं नाही.

'अराली' हे माझं नाव त्या बाईंनीच ठेवलं. त्या भागातले बटोरो लोक प्रत्येकाला जन्मनावाखेरीज एक लाडाचं, मानाचं नाव देतात, त्याला 'एम्पाको' म्हणतात. ठरलेली डझनभर नावं आहेत, त्यांतलंच एक. भेटल्यावर आधी एम्पाको विचारायचं आणि त्या नावाने हाक मारून मग ख्यालीखुशाली. २०१३ साली युनेस्कोने ही प्रथा जपायला हवेत अशा वारशांच्या यादीत घेतली. मुलांना हे माहीत असू द्या. फॉर्म भरून घेतल्यासारखं "गुड मॉर्निंग, आजचं काम काय" असं थेट सुरू केलं तर तिथे ते उर्मट वाटतं. आपल्या गावाकडे "बसा, पाणी घ्या" म्हणायच्या आत कामाचं काढलं तर जसं वाटेल तसंच.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि कुठल्याच यादीत नसते. आपण फक्त तिथले रोग आपल्याला लागतील म्हणून घाबरतो. २०१३ साली याच कन्यावाराच्या चिंपांझींच्या टोळीत सर्दीची साथ आली. ५६ पैकी पाच चिंपांझी दगावले. शोधलं तेव्हा ऱ्हायनोव्हायरस सी निघाला, माणसाच्या पोराला साधी सर्दी करणारा. माणसाचीच सर्दी ती. आपली मुलं शिंकत, नाक ओढत कॉलेजला येतात, परीक्षा देतात, आपण शाबासकी देतो. तिथे नाक वाहत असेल तर जंगलात पाऊल टाकायचं नाही, प्राण्यांजवळ मास्क, वाटेत थुंकायचं नाही आणि "मला बरं नाही" हे स्वतःहून सांगायचं. मार्क जातील, दिवस वाया जाईल, या भीतीने मुलं लपवतात. मॅडम, तुम्ही आत्ताच जाहीर करून टाका की आजारी म्हणून खोलीत काढलेल्या दिवसाचे गुण कापले जाणार नाहीत. त्या एका घोषणेने चिंपांझी वाचतील आणि मलेरियाही वेळेत कळेल.

गुहांचं राहिलंच. आपल्या मुलांना पांडवलेणी, त्र्यंबकच्या कपारी यांची सवय, वटवाघळांच्या वासाचं काही वाटत नाही. युगांडाच्याच क्वीन एलिझाबेथ उद्यानात पायथन गुहा आहे. २००८ साली ती बघून गेलेली एक डच पर्यटक मायदेशी परतल्यावर मारबर्ग तापाने गेली. त्याआधी जाऊन आलेली एक अमेरिकन बाई त्याच रोगातून वाचली. तिथल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांत तो विषाणू असतो. सुट्टीच्या दिवशी मुलं फिरायला जाणारच, त्यांना अडवू नका, फक्त गुहेत शिरायचं नाही आणि तळ्यात पोहायचं नाही. पाण्यातल्या गोगलगायींतून निघणारे बिलहार्झिया या रोगाचे जंतू धड कातडीतूनही आत शिरतात. सोमेश्वरला डुंबत वाढलेल्या मुलाला निळंशार तळं दिसलं की आवरत नाही, मलाही आवरायला जड गेलं होतं.

आणि तयारी कशी? यादी वाचून नाही. जुलैत मुलांना तीन दिवस इगतपुरीला न्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे, किबालेपेक्षा जास्तच. घरून फक्त तेवढंच सामान आणायचं जेवढं युगांडाला नेणार. मच्छरदाणी स्वतः बांधायची आणि चारी बाजू गादीखाली खोचून झोपायचं. पहाटे पाचला उठून गमबुटात, पँट मोज्यात खोचून निघायचं. तिथे सफारी मुंग्यांच्या रांगेवर पाय पडला तर त्या आत चढतात, खोचलेली पँट हाच उपाय. मग भर पावसात एका झाडाखाली बसून एकाच माकडावर नजर ठेवायची आणि दर मिनिटाला तो काय करतोय ते लिहायचं. दोन तास, मोबाईल बंद, बोलणं नाही. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्याची वही तासाभरात निळी होईल, मग तो आपणहून पेन्सिल घेईल. सात जणांतले दोघं तरी त्या दिवशी चिडतील किंवा रडतील. ते इगतपुरीत होऊ दे. तुम्ही तिथे असाल, आणि नाशिक तासाभरावर आहे.

---

उत्तर: पिंपळगावची_मयूरी

मॅडम, मी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कॉलेजातून तिथे गेले होते, सहा आठवडे. अराली सरांनी जंगलाचं सांगितलं, मी खोलीतलं सांगते.

जेवण. मी शाकाहारी, आईने निघताना डोळ्यांत पाणी आणून मेतकूट, शेंगदाणा चटणी, खाकरे असं सात किलो भरलं होतं. त्यातलं निम्मं वाटून टाकलं. तिथे चपाती मिळते, खरंच चपाती, नावही तेच. १८९६ पासून युगांडा रेल्वे बांधायला भारतातून हजारो मजूर आले, त्यांच्यामागे ती आली आणि राहिली. चपाती आणि घेवड्याची उसळ हे तिथलं नाक्यावरचं रोजचं खाणं. मटोके म्हणजे हिरवी केळी पानात गुंडाळून वाफवलेली. त्यावर दाण्याची जांभळट आमटी घालतात. पहिला घास घेतला आणि मला आजीची उपासाची दाण्याची आमटी आठवली, मिरची आणि आमसूल तेवढं नाही. लाल तिखटाची आणि गोड्या मसाल्याची एकेक पुडी न्या, बस्स.

मुलींसाठी: पॅड आठ आठवड्यांचे सोबतच ठेवा, फोर्ट पोर्टल या जवळच्या शहरात मिळतात पण हवे ते मिळतील असं नाही. आतले कपडे दाट पावसात वाळत नाहीत आणि ओले घालायची चूक करू नका, इस्त्रीचं कारण वर आलंच आहे. हे सांगायला कुणी बाई सोबत हवी. तुम्ही दहा दिवसांनी निघणार असाल तर तिथल्या कुणा बाईंशी मुलींची ओळख स्वतः करून द्या. मला तीन आठवडे कुणाला विचारावं तेच कळलं नव्हतं.

वेळ. तिथली जुनी माणसं तास सूर्योदयापासून मोजतात. आपले प्रहर मोजायचे तसंच. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मला एका आजींनी गाडी "दोन वाजता" सांगितली आणि मी दुपारी जेवून निवांत गेले. गाडी सकाळी आठलाच गेली होती. विषुववृत्तावर बारा तासांचा दिवस वर्षभर, त्यामुळे हे मोजमाप तिथे कधी चुकत नाही. आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत, घरी फोनची वेळ ठरवताना ते धरा.

आता खरं सांगायचं ते. मी गेल्यावर चौथ्या आठवड्यात माझी आजी गेली. घरच्यांनी मला कळवलं नाही. "लेकरू एवढ्या लांब, एकटी, काय करणार" म्हणून. मी दर रविवारी विचारायची, आजीला द्या, आणि दर रविवारी आजी झोपलेली असायची. परत आले तेव्हा तिच्या खाटेवर धान्याची पोती होती. आईबाबांवर मी कधी रागावले नाही, त्यांनी मायेनेच केलं. पण त्या दोन रविवारी मी हसत हसत जंगलाच्या गोष्टी सांगत होते आणि पलीकडे ते सगळे सुतकात बसून ऐकत होते, हे माझ्या मनातून जात नाही. बैठकीत पालकांना आणि मुलांना समोरासमोर बसवून हे ठरवून घ्या: घरी काही झालं तर कळवायचं की नाही. ज्याला कळायला हवंय त्याने तसं सांगू दे, ज्याला नकोय त्याने तसं. दुसऱ्या कुणी मधे ठरवू नये.

---

प्रश्नकर्ती: प्राणीशास्त्र_नाशिक

मयूरी, तुझं उत्तर वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रविवारच्या बैठकीत पहिला विषय हाच घेईन.

डॉक्टर, सात जणांची लशीची नोंदणी आजच सुरू केली. एकीला लहानपणापासून अंड्याची ॲलर्जी आहे, तिला उद्याच डॉक्टरांकडे नेतेय. इगतपुरीसाठी जुलैचा तिसरा आठवडा आमच्या प्राचार्यांकडून मंजूर झाला. गुण न कापण्याचंही लेखी घेतलं.

अराली सर, एक अडचण आहे. सुरगाण्याच्या मुलाच्या आईशी काल फोनवर बोलले. मी मलेरियाचं सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, "मॅडम, असं असंल तर नको पाठवायला." मुलगा वर्गात सगळ्यात हुशार आहे आणि जंगल त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. सगळं सांगावं तर पाठवणार नाहीत, झाकावं तर मला झोप लागणार नाही. तुम्ही काय कराल?

---

उत्तर: अराली_पंचवटी

झाकू नका. पण फोनवर सांगू नका.

फोनवर 'मलेरिया' शब्द गेला की त्या माउलीला फक्त तो शब्दच ऐकू येणार, पुढची गोळी, मच्छरदाणी, रक्ततपासणी काही नाही. सुरगाण्याकडच्या घरांनी हिवतापाची माणसं बघितली आहेत, त्यांची भीती ऐकीव नाही. त्यांना उपायही डोळ्यांनी दिसला पाहिजे. गोळीचं पाकीट त्यांच्या हातात द्या. किती, कधी, कशाबरोबर घ्यायची ते त्यांच्याच तोंडून मुलाला सांगायला लावा. माझी आई निरक्षर होती, पण दुसऱ्यांदा निघालो तेव्हा तिने कॅलेंडरवर परतल्यानंतरच्या अठ्ठावीस दिवसांवर कुंकवाचे टिपके लावून ठेवले होते आणि रोज एकेक टिपक्यावर बोट ठेवून गोळी घेतली का विचारायची. एकही चुकली नाही.

आणि विम्याचा कागद दाखवा. त्यात आजारी माणसाला जंगलातून कंपालापर्यंत हलवायचा खर्च धरलाय का, फिल्डवर्क धरलंय का, हे तुम्ही आधी वाचून घ्या, पुष्कळ विम्यांत नसतं. दर रविवारी कोण किती वाजता फोन करणार, फोन आला नाही तर कुणाला विचारायचं, ते नंबरसकट लिहून द्या. पावसात रेंज दोन-दोन दिवस जाते हेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर पहिला फोन चुकला की घरात चूल पेटणार नाही.

त्यांना बैठकीला येणं जमणार नसेल तर आपण जाऊ. शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळी सात वाजता पेठ नाक्यावर भेटा, माझी गाडी आहे. माझी जुनी मच्छरदाणी अजून धड आहे, ती घेतो. त्यांच्याच ओसरीत पोराला बांधायला लावू आणि आईला आत बसवू.

---

प्रश्नकर्ती: प्राणीशास्त्र_नाशिक

सातला पोचते. गमबूट घेऊन त्यालाही दाखवायला आणू का? नऊ नंबर लागतो त्याला.

---

उत्तर: अराली_पंचवटी

दहा नंबर आणा. आत दोन जोड मोजे असतात.